पेरणीच्या तोंडावरचा ताप

बचत गटाच्या कर्जाच्या वहीत एक रकाना 'कारण' असा असतो. बीड जिल्ह्यातल्या गटांच्या वह्या तपासण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आणि आता तारीख न वाचता नुसता हा रकाना पाहून पाऊस कुठवर आलाय ते मला सांगता येतं. मेच्या शेवटी 'बियाणं'. जूनमध्ये 'खत', 'पेरणी'. मग जुलै उजाडतो आणि एकाखाली एक ओळी येऊ लागतात: 'लेकराचा दवाखाना', 'मुलगी आजारी', कधी नुसतंच 'दवाखाना'. रक्कम तीन हजार, चार हजार, क्वचित दहा. व्याज महिन्याला शेकडा दोन.

केज तालुक्यातल्या एका गटात अशाच एका ओळीपाशी थांबून मी त्या बाईला विचारलं, काय झालं होतं लेकराला? "काय न्हाई, ताप आलता. सर्दी झाली, मग छाती भरली." लेकरू तेरा महिन्यांचं. पहिले दोन दिवस गावातल्या डॉक्टरची सुई. तिसऱ्या दिवशी पोट उडायला लागलं म्हणून जीपनं तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तीन दिवस भरती. बाई आठ दिवस खुरपायला गेली नाही. नवऱ्याचे चार दिवस मोडले. चार हजार गटातून काढले. बाकीचे कुठून आणले ते तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. इतकी धावाधाव, इतका खर्च, आणि तिच्या तोंडी त्याचं नाव 'काय न्हाई'.

तो फ्लू होता का? कुणी तपासलं नाही. तपासणार तरी कोण? घशातला स्वॅब घेऊन तो पीसीआरला पाठवणं गावातल्या दवाखान्यात होत नाही, तालुक्यातही क्वचितच होतं. मोठ्या रुग्णालयात एखादा पेशंट अत्यवस्थ झाला तरच तपासणी होते, तेव्हाच कागदावर 'स्वाइन फ्लू' असा शब्द येतो आणि तो पेपरात छापून येतो. उरलेल्या सगळ्या तापांना आपण व्हायरल म्हणतो आणि पुढं चालू लागतो. ज्या आजाराची मोजणीच नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही, हा आपल्या व्यवस्थेचा जुना नियम आहे. मराठवाड्यातल्या लहान लेकरांचा फ्लू या नियमात पुरता अडकलेला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या बाळांना आणि गरोदर बायकांना सरकारनं फ्लूची लस दरवर्षी मोफत द्यावी, ती पावसाळ्याच्या आधी द्यावी आणि सुरुवात ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांपासून करावी. हे मागताना लस जादूची कांडी आहे असं मला भासवायचं नाही. तिच्या मर्यादा मी पुढं लिहिणार आहे, कारण त्या लपवून मागितलेली गोष्ट टिकत नाही.

फ्लू हा आपल्याकडं नवा पाहुणा नाही. आमच्या आजीच्या पिढीला 'मानमोडी' हा शब्द ठाऊक होता. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेली ती साथ रेल्वेच्या रुळांवरून आत पसरली. त्याच वर्षी पाऊसही रुसला होता. सगळ्या हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत माणसं गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या साथीत माणसं नुसत्या फ्लूनं मेली नाहीत. फ्लूनं फुप्फुसाची वाट मोकळी करून दिली आणि मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं बहुतेकांचा घास घेतला. आज लहान बाळात होतं तेही बरंचसं असंच. आधी सर्दी, मग ताप, दोन दिवसांनी जरा उतार पडल्यासारखं वाटतं आणि मग धाप लागते. २००९ मध्ये एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही शाळकरी मुलीचा. त्या वर्षी आपण सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरलो आणि पुढच्या पावसाळ्यात विसरून गेलो. एच१एन१ मात्र गेला नाही, तो दरवर्षीच्या फ्लूत मुरला.

जगाचा हिशेब पाहिला तर डोळे उघडतात. २०१८ या एका वर्षासाठी संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये फ्लूचे सुमारे १० कोटी ९५ लाख आजार झाले, सुमारे ८ लाख ७० हजार मुलं रुग्णालयात भरती झाली आणि ३४ हजार ८०० पर्यंत मुलं दगावली. रुग्णालयात झालेल्या मृत्यूंपैकी ८२ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. विषाणू सगळीकडं सारखाच आहे. फरक पडतो तो दवाखाना किती लांब आहे याचा आणि लेकराच्या अंगात किती बळ आहे याचा. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३६ कमी वजनाची आणि २५ हून जास्त मुलं उंचीच्या मानानं लुकडी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. अशा लेकराला पाच दिवसांचा ताप म्हणजे महिन्याभराचं खाल्लेलं अंगावरून उतरणं. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ते दिसतं आणि ताईंना नेमकं ठाऊक असतं, कोणत्या आजारपणात किती वजन गेलं.

आणि तरी ज्यांना ही लस परवडते त्यांच्या घरात ती आधीच पोचलेली आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवरच्या तक्त्यात सहाव्या आणि सातव्या महिन्यासमोर फ्लूचे दोन डोस लिहिलेले दिसतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्याच मुलांना दरवर्षी ही लस द्या असं सांगते. एका डोसचे दीड ते दोन हजार रुपये. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. शिक्षक, तलाठी, दुकानदार, डॉक्टर यांच्या मुलांना ती मिळते. उपकेंद्रातल्या सरकारी तक्त्यात मात्र ती नाही. म्हणजे एकाच गावात दोन तक्ते आहेत आणि कोणत्या लेकराला कोणता हे बापाच्या पगारावरून ठरतं. पोलिओ, गोवर, रोटाव्हायरस, न्यूमोकोकस या लसींबाबत आपण ही फट बुजवत आणली. न्यूमोकोकसची लस खासगी दवाखान्यात हजारोंना मिळायची, ती २०२१ मध्ये देशभर मोफत झाली. मग फ्लू तेवढा का वगळायचा?

वगळण्याचं एक खरं कारण आहे. बाकीच्या लसी एकदा ठरावीक डोस देऊन संपतात, फ्लूची दरवर्षी द्यावी लागते. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू घालायचे ते सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. इथं आपली एक गंमतशीर अडचण आहे. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण युरोपातला फ्लू थंडीतला आणि आपला पावसाळ्यातला. श्रीनगरसारखा अगदी उत्तरेकडचा भाग सोडला तर भारताच्या बऱ्याच भागात फ्लूचा जोर जून ते सप्टेंबर या काळात असतो. म्हणून आपल्याला लस हवी एप्रिल-मेमध्ये, आणि हवी ती आधीच्या सप्टेंबरात ठरलेली, दक्षिण गोलार्धाची. दिवाळीच्या सुमारास लस टोचली तर पैसे जातात आणि साथ आधीच निघून गेलेली असते.

आता हे वेळापत्रक मराठवाड्याच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. बीड, धाराशिव, जालना, परभणी इथून लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार आणि त्यावर बसलेली लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. तिथं लसीकरणाचा दिवस हुकतो, कार्ड गावी राहतं, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात टोळी हलली की सिस्टरलाही माग लागत नाही. आरोग्य खात्यासाठी ही लेकरं सहा महिने हवेत असतात. पण मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की सगळे गावी येतात. अक्षय तृतीयेला गावं भरलेली असतात, लग्नं लागतात, जत्रा होतात. पुढचे दोन महिने कुटुंब जागेवर असतं आणि पाऊस पडला की पेरणीला जुंपलं जातं.

पहिला डोस एप्रिलच्या उत्तरार्धात आणि दुसरा मेच्या शेवटी दिला, तर मृगाच्या पावसापर्यंत लेकराच्या अंगात संरक्षण तयार झालेलं असतं. त्याला दुसऱ्या डोसनंतर दोनेक आठवडे लागतात. ज्या कुटुंबांना कोणतीही योजना नीट गाठू शकत नाही तीच कुटुंबं फ्लूच्या लसीला हव्या असलेल्या नेमक्या आठवड्यांत घरी असतात. इतका सरळ जुळणारा योग सरकारी कामात सहसा मिळत नाही. त्याच वेळी गोवर-रुबेला, पेंटाव्हॅलंट यांचे चुकलेले डोसही देता येतील. फ्लूच्या निमित्तानं आलेली आई बाकीचं कार्डही पुढं करील, आणि माझ्या मते या मोहिमेचा हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे.

लस किती काम करते? इथं मी हातचं राखून बोलणार नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये मुलांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. निष्क्रिय विषाणूची लस न दिलेल्या शंभर मुलांत ३० जणांना फ्लू झाला, दिलेल्यांत ११ जणांना. पाच मुलांना टोचलं की एकाचा फ्लू टळतो. पण आईला विषाणू दिसत नाही, तिला ताप दिसतो. आणि फ्लूसारख्या सगळ्या तापांचा हिशेब केला तर शंभरात २८ चे २० झाले, इतकंच. कारण पावसाळ्यात आरएसव्ही, ॲडिनोव्हायरस असे दुसरे विषाणू आहेत, डेंग्यू आहे. या लसीला त्यांच्याशी देणंघेणं नाही. या चाचण्याही मुख्यतः दोन वर्षांवरच्या मुलांच्या. त्याहून लहान बाळांसाठी वेगळा पुरावा आहे: १३ देशांतल्या ६ ते ३५ महिन्यांच्या सुमारे १२ हजार बाळांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कोणत्याही फ्लूपासून ५० टक्के आणि मध्यम ते तीव्र फ्लूपासून ६३ टक्के संरक्षण मिळालं. फ्लूपायी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचं प्रमाणही जवळपास निम्म्यावर आलं.

ही शेवटची ओळ मला फार मोलाची वाटते. आमच्याकडं लेकराला ताप आला की सुई, आणि सुईत बहुतेकदा अँटिबायोटिक. विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. पण डॉक्टरला धीर नसतो आणि 'सुई दिलीच न्हाई' म्हणून आई दुसऱ्या डॉक्टरकडं जाते. दर पावसाळ्यात तीन-तीन कोर्स झालेली दीड वर्षांची बाळं मी पाहिली आहेत. त्याची किंमत आज वहीत दिसत नाही. उद्या खऱ्या न्यूमोनियात औषध लागू पडेनासं होईल तेव्हा ती दिसेल.

आपल्या देशातलाही पुरावा आहे, तोही खेड्यातला. हरियाणातल्या बल्लभगडजवळच्या तीन गावांत २००९ पासून तीन वर्षं सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांना दरसाल लस दिली गेली. पहिल्या वर्षी फ्लू सुमारे २६ टक्क्यांनी घटला, दुसऱ्या वर्षी ४१ आणि तिसऱ्या वर्षी ७४ टक्क्यांनी. पहिल्या वर्षाचाच आकडा पाहून कुणी गाशा गुंडाळला असता तर लस कुचकामी असा शिक्का बसला असता. त्याच तिसऱ्या वर्षी या मुलांच्या घरातल्या, स्वतः लस न घेतलेल्या माणसांतही फ्लू ३८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. एका वर्षाचा प्रयोग करून अहवाल गुंडाळण्याची आपली सवय इथं चालणार नाही. तीन वर्षांचं बळ धरूनच सुरुवात करावी लागेल.

घरातल्या माणसांचा मुद्दा मराठवाड्यात फार खोल जातो. आई-बाप फडावर गेले की मोठी लेकरं आजीजवळ राहतात. पावसाळ्यात रोजंदारीला जाणारी सूनही तान्हं आजीच्याच मांडीवर ठेवून जाते. लेकरू शिंकतं, आजी त्याचं नाक पदरानं पुसते. कॅनडातल्या हटराइट या पंथाच्या ४९ वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला होता. त्यात निम्म्या वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्यांना दुसरीच, आणि मग लस न घेतलेल्यांकडं पाहिलं. मुलांना फ्लूची लस मिळालेल्या वस्त्यांत बाकीच्या लोकांतला फ्लू ६१ टक्क्यांनी कमी भरला. जपाननं १९६२ पासून शाळकरी मुलांना लस दिली, त्यासाठीचा कायदा १९९४ मध्ये मागं घेतला. मागं वळून हिशेब करणाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की दर ४२० मुलांमागं एक मृत्यू टळत होता, आणि टळलेले मृत्यू प्रामुख्यानं म्हाताऱ्यांचे होते. या निष्कर्षावर नंतर वाद झाले, नेमका आकडा इकडं-तिकडं होईल. पण फ्लूची वाट लेकरावरून आजीकडं जाते हे आपल्याला जपानकडून शिकायची गरज नाही. ते आपल्या ओसरीवर दिसतं.

आता पैशाचं. केजच्या त्या घराचा हिशेब मी नंतर घरी बसून मांडला. मजुरी अडीच-तीनशे धरली तर बाईचे आठ दिवस आणि नवऱ्याचे चार, मिळून तीन-साडेतीन हजार. जीप, रिक्षा, बाहेरचं जेवण. गावातल्या डॉक्टरचे दोन दिवस. भरतीचं बिल. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती ठरावीक आजारांना आणि यादीतल्या रुग्णालयांना लागू. ओपीडीचे, औषधांचे, मोडलेल्या मजुरीचे पैसे तिच्यातून मिळत नाहीत. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९ टक्के पैसे लोकांच्या खिशातून गेले. सरासरीत तो आकडा सुधारलेला दिसतो, पण जुलैमध्ये गटाच्या वहीत तो शंभर टक्के असतो. शिवाय हे पैसे कधी जातात ते पाहा. पेरणी झालेली, घरातला दाणा-पैसा मातीत गेलेला, मूग-उडीद यायला महिना-दीड महिना बाकी, सोयाबीनला त्याहून जास्त. वर्षातला सगळ्यात कोरडा खिसा तो हाच. तेव्हा घेतलेले चार हजार आणि जानेवारीत घेतलेले चार हजार सारखे नसतात. खुरपणी लांबली की तण माजतं, मग फवारणीचा खर्च. खताचा दुसरा हप्ता चुकतो. आणि शेवटी मुकादमाची उचल थोडी वाढवून घेतली जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आजाराचा खर्च मोजताना मजुरीचे दिवस धरतात. उचल वाढल्यानं पुढचा हंगाम किती लांबतो ते धरत नाहीत.

सरकारच्या बाजूनं हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला पावणेतीन-तीन लाख बाळं. सहा महिने ते दोन वर्षं या वयात साधारण सव्वाचार लाख बाळं भरतील. पहिल्यांदा घेणाऱ्यांना दोन डोस, आधी घेतलेल्यांना एक, म्हणजे सात लाखांच्या आसपास डोस. एकगठ्ठा खरेदीत डोसाला २०० रुपये धरले तर १४ कोटी. ही किंमत मी अंदाजानं धरली आहे, पण ती अशक्य नाही. रोटाव्हायरसची देशी लस सरकारला एका डॉलरला डोस या भावानं देण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली, तेव्हा बाजारातल्या परदेशी लसी कितीतरी महाग होत्या. मोठी आणि दरवर्षीची खात्रीची मागणी असली की भाव उतरतो. फ्लूची लस आपल्या देशात तयार होते, पुण्यात देशातली आघाडीची विषाणू संशोधन संस्था १९५२ पासून उभी आहे. कमी आहे ती फक्त मागणी करणाऱ्याची.

ऊसतोड कामगारांच्या लेकरांपुरती तर वेगळी तिजोरीही आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ स्थापन झालं आणि कारखान्यांकडून उसाच्या टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलं. राज्यात आठ-दहा कोटी टन ऊस गाळला जातो. त्या पैशातून फडावरच्या आईच्या लेकराला दोन टोचण्या देणं हा वायफळ खर्च आहे असं कुणी म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो एका आशाताईनं माझ्याशी बोलताना घेतला. ती म्हणाली, "ताई, आदी आहे त्या लशी तर पुऱ्या होऊ द्या." खरं आहे. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी ७३.५ टक्क्यांचंच पूर्ण लसीकरण झालेलं होतं. गोवरचा डोस चुकलेल्या बाळाला फ्लूची लस देणं म्हणजे पाया सोडून कळस रंगवणं. गोवर अधिक घातक आहे आणि त्याची लस अधिक पक्की. दोहोंपैकी एकच शक्य असेल तर मीही गोवर निवडीन. पण मेमधली फ्लूची मोहीम चुकलेल्या डोसांच्या शोधासाठीच रचली तर हा आक्षेप उलटा फिरतो. तिच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भाग कामाच्या ओझ्याचा होता, आणि त्याला उत्तर एकच: या दोन महिन्यांचा मोबदला आशांना वेगळा आणि वेळेवर मिळाला पाहिजे. फुकटात करून घेतलेल्या मोहिमा कशा होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मे महिन्यातल्या मराठवाड्यात पारा चाळिशीपार असतो, लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बाकीच्या लसींसाठी आयएलआर (बर्फाच्या अस्तराचा फ्रीज), कोल्ड बॉक्स, व्हॅक्सिन कॅरियर ही साखळी आहेच. एकेका डोसाच्या भरलेल्या सिरिंजऐवजी अनेक डोसांच्या कुप्या घेतल्या तर तीत जागा होईल.

गरोदर बायकांचं मी वर लिहिलं, त्याचं कारण साधं आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही आणि फ्लूनं रुग्णालयात होणाऱ्या बालमृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मृत्यू नेमके त्याच वयातले. त्या बाळाला आईच्या रक्तातूनच संरक्षण मिळू शकतं. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गरोदरपणी लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये सहा महिन्यांपर्यंत खात्रीनं निदान झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. महाराष्ट्रानं २०१५ च्या साथीनंतर गरोदर माता आणि जोखमीच्या रुग्णांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, आणि ही इतर राज्यांच्या पुढची चाल होती. पण उपकेंद्रावर किती गरोदर बायकांना ती प्रत्यक्ष टोचली जाते? माझ्या गटांमधल्या बायकांना विचारते तेव्हा धनुर्वाताची सुई सगळ्यांना आठवते, फ्लूची कुणाला आठवत नाही. आदेश मुंबईहून निघतो आणि गावाच्या शिवेवर थकतो.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. लस टोचल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एका विशिष्ट कंपनीच्या लसीनं लहान मुलांना तापात झटके आले आणि तिथल्या सरकारनं ती लस पाच वर्षांखालच्या मुलांसाठी थांबवली. अमेरिकेत १९७६ च्या लसीनंतर गियाँ-बारे हा नसांचा आजार लाखात सुमारे एकाला अधिक झाला होता. हे लोकांना सांगावं. 'काही होत नाही हो' म्हणून टोचलेल्या लेकराला रात्री ताप आला की सकाळी अख्खी गल्ली दार लावून घेते. उलट, आज रात्री अंग तापेल, हे पॅरासिटामॉल, एवढं वजन असेल तर एवढं द्या, परवापर्यंत उतरला नाही तर मला फोन करा, असं सिस्टरनं सांगितलं की तीच आई पुढच्या महिन्यात आपणहून येते. या लसीत विषाणू मेलेला असतो, तिच्यामुळं फ्लू होऊ शकत नाही, हेही तेव्हाच सांगावं.

माझी मागणी साऱ्या राज्याची नाही, आधी चार-पाच तालुक्यांची आहे. केज, धारूर, वडवणी, पाथर्डीच्या बाजूचा आष्टी-पाटोद्याचा पट्टा, जिथं निम्मी गावं दिवाळीनंतर ओस पडतात, तिथं सलग तीन वर्षं. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय याच भागात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात तापाच्या लेकरांचे स्वॅब घ्यावेत, किती फ्लू निघतो ते मोजावं. आणि माझ्यासारखीनं गटांच्या वह्यांतला कारणाचा रकाना मोजावा, जुलैमध्ये 'दवाखाना' किती वेळा आला, किती रकमेचा. हे काम करायला मी आजच तयार आहे, वह्या माझ्याकडं आहेतच.

केजच्या त्या बाईचं कर्ज दिवाळीपर्यंत फिटलं नाही. सोयाबीनला भाव नव्हता. कुटुंब कारखान्यावर गेलं, लेकरूही बरोबर गेलं. गटाच्या बैठकीला ती नव्हती, पण दर महिन्याला तिच्या नावानं तीनशे, चारशे रुपये फोनवरून येत राहिले. शेवटचा हप्ता फेब्रुवारीत आला. मी वहीत शिल्लक शून्य लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात 'लेकराचा दवाखाना' तसंच राहिलं.